करारातला ‘तास’ किती मिनिटांचा? परदेशी भाषा-शाळेत इंग्रजी शिकवायला जाण्यापूर्वी करावयाचा वेळेचा हिशेब

मागच्या मे महिन्यातील एका दुपारी माझी एक जुनी विद्यार्थिनी व्हिएतनाममधील एका भाषा केंद्राचा करारनामा घेऊन नागपूरच्या प्रतापनगरातील माझ्या घरी आली. कूलरच्या वाऱ्याने पाने उडू नयेत म्हणून आम्ही त्यांवर स्टीलचा पेला ठेवला आणि वाचायला बसलो. ती म्हणाली, “मॅडम, आठवड्याला फक्त चोवीस तास आहेत. इथे कॉन्व्हेंट आणि ट्यूशन मिळून माझे पंचेचाळीस होतात.” मी कपाटातून माझी जुनी वही काढली. हनोईतील एका भाषा केंद्रात मी शिकवत होते त्या काळातली ती वही होती, आणि माझ्याही करारात नेमके चोवीसच तास लिहिलेले होते.

तास हा शब्द मराठीत दोन अर्थांनी चालतो. साठ मिनिटे म्हणजे एक तास, आणि पस्तीस मिनिटांत संपणारा इंग्रजीचा तास हाही तासच. शाळेत इतकी वर्षे आपण हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरतो, की परदेशी करारात तो आला म्हणजे तो घड्याळाचा आहे की वर्गाचा, हे विचारण्याचे आपल्याला सुचतच नाही. शाळा सुटल्यानंतर चालणाऱ्या भाषा-शाळांत, म्हणजे जपानमधील एइकाइवा, कोरियातील हागवॉन, तैवानमधील बुशिबान किंवा व्हिएतनाममधील भाषा केंद्रे यांत, शिक्षकांची बहुतेक निराशा या एका शब्दापाशी सुरू होते. म्हणून सही करण्यापूर्वी हा हिशेब कसा करावा, हे मी येथे क्रमाने मांडत आहे.

आधी पारपत्र, मग वेळापत्रक

ज्या देशात आपल्या पारपत्रावर हे काम करताच येत नाही, तेथील तासांचा विचार करण्यात अर्थ नाही. दक्षिण कोरियात हागवॉनमध्ये इंग्रजी शिकवण्यासाठी लागणारा ई-२ व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांपुरता मर्यादित आहे. भारत आणि कोरिया यांच्यातील सर्वंकष आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला आणि त्याने भारतीयांसाठी एक वाट उघडली. मात्र ती शिक्षक-पात्रता असलेल्यांना शाळांमध्ये साहाय्यक इंग्रजी शिक्षक म्हणून घेण्याची आहे, हागवॉनची नाही. त्यामुळे भारतीय पारपत्रावर हागवॉनची नोकरी लावून देतो असे सांगणारा एजंट समोर आला, तर तेथेच उठावे. चीनमध्येही इंग्रजी शिक्षकाचा परवाना प्रामुख्याने इंग्रजी मातृभाषा मानल्या जाणाऱ्या देशांच्या नागरिकांना मिळतो. शिवाय जुलै २०२१ मधील ‘दुहेरी भारकपात’ धोरणानंतर शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांना शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांत बंदी आली, आणि इतर दिवशीही प्रत्यक्ष वर्ग रात्री साडेआठपर्यंत संपवणे बंधनकारक झाले.

जपानमध्ये एइकाइवासाठी लागणारा निवास-परवाना ‘मानव्यविद्या व आंतरराष्ट्रीय सेवा’ या वर्गात मोडतो. तेथे पदवी लागते, आणि पुष्कळ शाळा इंग्रजी माध्यमातून बारा वर्षे शिक्षण झाल्याचा पुरावा मागतात. नागपुरात कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांनी शाळेकडून माध्यमाचा दाखला आताच मागून ठेवावा. व्हिएतनाममध्ये पदवी, इंग्रजी अध्यापनाचे प्रमाणपत्र आणि पोलिसांचा चारित्र्य-दाखला लागतो. भरती करणारा एजंट १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणीकृत आहे का, हे ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. असा एजंट सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही.

कागदावरचा आठवडा घड्याळावर मांडणे

आता माझ्या वहीतील तो आठवडा. मंगळवार ते शुक्रवार रोज दोन तासिका होत्या, पावणेसहा ते सव्वासात आणि साडेसात ते नऊ. शनिवारी पाच तासिका: आठ ते साडेनऊ, पावणेदहा ते सव्वाअकरा, दोन ते साडेतीन, पावणेचार ते सव्वापाच आणि पावणेसहा ते सव्वासात. रविवारी तीन. एकूण सोळा तासिका, प्रत्येकी नव्वद मिनिटांच्या, म्हणजे चोवीस तास. करार अक्षरशः खरा होता.

परंतु रोज पाच वाजता केंद्रात हजर राहावे लागे आणि मुलांना पालकांच्या हाती सोपवून निघेपर्यंत सव्वानऊ होत, म्हणजे चार दिवसांचे सतरा तास झाले. शनिवारी पावणेआठला आत गेलेली मी साडेसातला बाहेर पडे, ते पावणेबारा तास. रविवारचे आठ. केंद्रातील उपस्थितीच पावणेसदतीस तासांवर गेली. प्रत्येक तासिकेची तयारी फक्त वीस मिनिटे धरली तरी सोळा तासिकांचे पाच तास वीस मिनिटे होतात, आणि वह्या तपासणे व पालकांना पाठवायचे अहवाल लिहिणे यांचे दोन तास वेगळे. बेरीज चव्वेचाळीस तास पाच मिनिटे. सोयीसाठी शिकवण्याच्या तासाला शंभर रुपये धरले, तर चोवीस तासांचे २,४०० रुपये चव्वेचाळीस तासांत वाटले जातात आणि खरा दर तासाला साडेचौपन्न रुपयांच्या आसपास येतो.

शनिवारी सव्वाअकरा ते दोन या पावणेतीन तासांत मी खोलीवर जाऊ शकत होते, असे केंद्राचे म्हणणे होते. खोली बसने चाळीस मिनिटांवर होती. जाऊन-येऊन हातात दीड तास उरे, त्यातच जेवण. दोन-तीन शनिवारी मी तसे केले, नंतर शिक्षकांच्या खोलीतील प्लास्टिकच्या खुर्चीवर डोके टेकून पडू लागले. तेथे बसलेल्या शिक्षकाला स्वागतकक्षातील मुलगी हमखास बोलावते, कारण नव्या विद्यार्थ्याची पातळी-चाचणी घ्यायची असते किंवा एखाद्या पालकांशी दोन शब्द इंग्रजीत बोलायचे असतात. त्या वेळेचा मोबदला मला कधीच मिळाला नाही, आणि मीही तो मागितला नाही. करारात त्याचा उल्लेखच नसल्याने मागण्याचा आधार माझ्याकडे नव्हता.

तेव्हा पहिले काम हे. शाळेकडून ‘नमुना आठवडा’ मागवावा, म्हणजे सध्या तेथे शिकवत असलेल्या एखाद्या शिक्षकाचे मागील महिन्यातील प्रत्यक्ष वेळापत्रक. सर्वसाधारण वर्णन चालणार नाही. एका कोऱ्या पानावर सात रकाने आखून आत जाण्याची वेळ, प्रत्येक तासिका, मधली मोकळीक आणि बाहेर पडण्याची वेळ पेन्सिलीने लिहावी. शाळा नमुना आठवडा द्यायला टाळाटाळ करत असेल, तर माझ्या मते तेवढ्या कारणावरूनही नकार द्यावा.

तासिकेची व्याख्या

त्यानंतर करारात ‘शिकवण्याचा तास’ म्हणजे काय लिहिले आहे ते शोधावे. चाळीस मिनिटांच्या तीस तासिका म्हणजे घड्याळाचे वीस तास, आणि साठ मिनिटांचे तीस तास हवे असतील तर त्याच चाळीस मिनिटांच्या पंचेचाळीस तासिका घ्याव्या लागतील. दोन्ही करारांवर ‘तीस’ हाच आकडा दिसू शकतो. पंचेचाळीस तासिका म्हणजे पाच दिवसांत रोज नऊ वर्ग, नऊ वेळा उभे राहणे, नऊ वेळा सुरुवातीचे गाणे म्हणणे. लहान मुलांना शिकवणाऱ्याला यातील फरक घशात जाणवतो.

दुसरा प्रश्न मोजणी आठवड्याची आहे की महिन्याची, हा आहे. कोरियातील करारांत महिन्याला १२० तास अशी अट पुष्कळदा आढळते, आणि तिचा परिणाम समजून घेण्याजोगा आहे, कारण अशीच भाषा इतर देशांतील करारांतही येते. समजा रोज सहा तास शिकवणे आहे. तेवीस कामाचे दिवस असलेल्या महिन्यात १३८ तास होतात आणि वरच्या अठरा तासांचा ओव्हरटाइम मिळतो, हे शिक्षकाच्या फायद्याचे आहे. पण चांद्र नववर्षाची तीन दिवसांची सुट्टी ज्या वीस दिवसांच्या महिन्यात येते, त्यात शिकवणे १०२ तासांवर उतरते. मग शाळा उरलेल्या दिवसांत अठरा जादा तास घेऊन १२० पूर्ण करते आणि एक पैसाही जास्त देत नाही. म्हणजे सुट्टी मिळाली, पण तिची किंमत तुम्हीच भरली. आठवड्याच्या मोजणीत हा प्रकार होत नाही. म्हणून करारात “ओव्हरटाइमची गणना दर आठवड्याला होईल” हे वाक्य मागून घ्यावे. ते मिळाले नाही, तर त्या देशाची सुट्ट्यांची यादी घेऊन वर्षाचे बारा महिने स्वतः मोजावेत.

कायदा कोणता वेळ कामाचा मानतो

शाळा ज्याला ‘मोकळा वेळ’ म्हणते त्याला कायदाही तसेच म्हणतो, असे नाही. जपानच्या श्रम मानक कायद्यानुसार दिवसाला आठ आणि आठवड्याला चाळीस तास ही मर्यादा आहे. सहा तासांहून अधिक काम असेल तर किमान पंचेचाळीस मिनिटांची आणि आठ तासांहून अधिक असेल तर एका तासाची विश्रांती द्यावीच लागते, आणि ती कर्मचाऱ्याला मनाप्रमाणे वापरता आली पाहिजे. मर्यादेपलीकडच्या कामाला किमान २५ टक्के जादा दर आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००० साली मित्सुबिशी हेवी इंडस्ट्रीजच्या नागासाकी जहाजबांधणी कारखान्याच्या प्रकरणात, मालकाने बंधनकारक केलेली कामाची वस्त्रे व सुरक्षासाधने चढवण्याचा वेळही कामाचा ठरवला. मालकाच्या आदेशाखाली असलेला वेळ तो कामाचा वेळ, हे त्यामागचे तत्त्व आहे. वर्गाच्या पंधरा मिनिटे आधी हजर राहण्याची सक्ती असेल, तर त्या पंधरा मिनिटांकडे याच तत्त्वाने पाहावे. कोरियाचा कायदाही मालकाच्या देखरेखीखाली वाट पाहत थांबण्याचा वेळ कामाचाच धरतो.

व्हिएतनामचा सध्याचा श्रम संहिता कायदा १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. तेथे साधारण मर्यादा दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची आहे. जादा कामाला इतर दिवशी किमान दीडपट, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी दुप्पट आणि सार्वजनिक सुट्टीला तिप्पट दर आहे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. शनिवार-रविवार हे भाषा केंद्रांचे मुख्य कामाचे दिवस असतात आणि करारात साप्ताहिक सुट्टी सोमवारची लिहिलेली असते, त्यामुळे रविवारी शिकवले म्हणून दुप्पट पैसे मिळत नाहीत. सोमवारी बैठकीला किंवा बदली वर्गाला बोलावले, तरच तो नियम लागू होतो. म्हणून साप्ताहिक सुट्टीचा वार करारात नावाने लिहून घ्यावा. ‘आठवड्यातून एक दिवस’ एवढे पुरेसे नाही.

तैवानमध्ये उलट प्रश्न येतो. बुशिबानमधील शिक्षकाचा परवाना आठवड्याला किमान चौदा तास शिकवण्यावर अवलंबून असतो, त्यामुळे तेथे शाळा किती तासांची हमी देते हे अधिक महत्त्वाचे ठरते. ताशी वेतनाच्या कोणत्याही करारात, देश कोणताही असो, किमान तासांची हमी असलीच पाहिजे. हमीशिवायचा ताशी दर कितीही मोठा दिसला तरी परीक्षांच्या आठवड्यांत वर्ग गळतात आणि भाडे मात्र तेवढेच द्यावे लागते.

साडेएकोणतीस हा आकडा

जपानच्या करारात आठवड्याला २९.५ तास असा चमत्कारिक आकडा दिसला, तर त्याचे कारण शिकवण्यात शोधू नये. पूर्णवेळ कर्मचाऱ्याच्या तीन-चतुर्थांश तास काम करणाऱ्याला सामाजिक विम्यात, म्हणजे आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतनात, दाखल करावे लागते. चाळीसचे तीन-चतुर्थांश तीस होतात, आणि त्याच्या अर्धा तास खाली राहिले की मालकाचा हप्ता वाचतो. ऑक्टोबर २०२४ पासून ५१ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांत, वेतनासह इतर अटी पूर्ण होत असतील तर, आठवड्याला वीस तास काम करणाऱ्यालाही हा विमा लागू होतो. तेव्हा मोठ्या साखळीतील शाळेने २९.५ तासांचा करार पुढे केल्यास सामाजिक विमा मिळणार का, हे लेखी विचारावे. दवाखान्याची पाळी आली, की हा अर्धा तास फार महाग पडतो.

रजा, सण आणि घरचा फोन

जपानमध्ये सहा महिने सलग काम केले आणि ८० टक्के दिवस हजेरी असली की दहा दिवसांची पगारी रजा मिळते. एप्रिलअखेरचा सलग सुट्ट्यांचा गोल्डन वीक, ऑगस्टमधील पूर्वजांच्या स्मरणाचा ओबोन सण आणि नववर्ष या काळात शाळा बंद राहतात, आणि काही शाळा ही बंदी तुमच्या रजेतून वळती करतात. कर्मचारी-प्रतिनिधीशी करार करून त्यांना तसे करता येते, पण पाच दिवस तुमच्या मर्जीसाठी सोडावेच लागतात. दिवाळीला नागपूरला यायचे असेल तर हेच पाच दिवस उपयोगी पडतील, म्हणून रजा किती दिवस आधी मागावी लागते तेही विचारून घ्यावे. व्हिएतनाममध्ये तेतची, म्हणजे चांद्र नववर्षाची, पाच दिवसांची सार्वजनिक सुट्टी असते. केंद्र त्याहून अधिक दिवस बंद राहणार असेल, तर त्या जादा दिवसांचा पगार मिळतो की नाही, हे बहुतेक शिक्षकांना त्या महिन्याच्या पगारपत्रकावरच कळते.

कामाची वेळ दुपारी उशिरा सुरू होऊन रात्री नऊ-साडेनऊला संपते, याची आपल्या ट्यूशनवाल्यांना सवय असते. फरक असा, की येथे नऊ वाजता घरी आल्यावर गरम पोळी ताटात येते, आणि तेथे नऊनंतर स्वतः भांडे चढवावे लागते. जपानमधील रात्रीचे नऊ म्हणजे नागपूरचे सायंकाळचे साडेपाच, आणि हनोईचे नऊ म्हणजे येथले साडेसात. आईला फोन करायला वेळ चांगली असते. सकाळ मात्र रिकामी आणि एकटी जाते. तिला ठरलेले काम द्यावे, तेथील भाषेचा वर्ग लावावा किंवा बाजारहाट करावी. मी पहिले दोन महिने दहापर्यंत झोपून राहिले, आणि त्यामुळे दिवसात कामाखेरीज काहीच उरत नव्हते.

सहीपूर्वीचे पत्र आणि सहीनंतरची वही

वरील सर्व गोष्टी फोनवर न विचारता ईमेलने विचाराव्यात, कारण उत्तर लेखी राहते. पत्र नम्र आणि छोटे असावे. तासिका किती मिनिटांची आहे, ओव्हरटाइम आठवड्यावर मोजता की महिन्यावर, हजेरीची वेळ तासिकेच्या किती आधी आहे, दिवसातील पहिल्या व शेवटच्या तासिकेमधील मोकळ्या वेळेचे काय, बैठका, चाचण्या आणि पालकांसाठीचे कार्यक्रम वेतनात धरले आहेत का, विद्यार्थ्याने ऐनवेळी वर्ग रद्द केला तर त्या तासाचे पैसे मिळतात का, उन्हाळी शिबिरांत तास किती वाढतात आणि साप्ताहिक सुट्टीचा वार कोणता, एवढे पुरते. असे प्रश्न विचारले म्हणून कोणी नोकरी नाकारत असेल, तर ती नोकरी गेलेलीच बरी.

शाळेचे नाव मोठे आहे म्हणून हे प्रश्न सोडू नयेत. जपानमधील त्या वेळची सर्वांत मोठी एइकाइवा साखळी असलेली नोवा ऑक्टोबर २००७ मध्ये कोसळली, तेव्हा हजारो परदेशी शिक्षकांचे पगार अडकले आणि अनेकांना राहते घरही सोडावे लागले, कारण भाडे कंपनीमार्फत जात होते. अशा वेळी थकलेले वेतन सिद्ध करायला स्वतःजवळची नोंद लागते.

ती नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी. रोज आत गेल्याची वेळ, घेतलेल्या तासिका, शिकवण्याखेरीजचे काम आणि बाहेर पडल्याची वेळ, एवढ्या चार गोष्टी लिहायला दोन मिनिटेही लागत नाहीत. वेळापत्रक बदलल्याचा संदेश आला तर त्याचे छायाचित्र जपावे. पगारपत्रक हाती आल्यावर त्याच दिवशी वहीशी ताडून पाहावे आणि फरक दिसल्यास आठवड्याच्या आत लेखी कळवावे. उत्तर मिळाले नाही तर जपानमध्ये श्रम मानक निरीक्षण कार्यालयाकडे जाता येते, आणि ओसाका व टोकियो येथे परदेशी शिक्षकांनाही सभासद करून घेणाऱ्या संघटना आहेत. कोणत्याही देशातून भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते.

त्या दुपारी आम्ही माझ्या विद्यार्थिनीचे पत्र तेथेच बसून लिहिले. चार दिवसांनी उत्तर आले. तासिका नव्वद मिनिटांचीच होती आणि मोजणी आठवड्याची होती. शनिवारी मात्र मधली साडेतीन तासांची पोकळी होती, आणि त्या वेळेतील पातळी-चाचण्यांना वेतन नव्हते. तिने दुसरे पत्र पाठवून प्रत्येक चाचणीचा वेगळा दर मागितला. केंद्राने तासिकेच्या निम्मा दर मान्य केला, तो करारात एका ओळीने वाढवून घेतला आणि मग तिने सही केली. निघताना तिने सात रकाने आखलेली कोरी वही सोबत नेली.